तिसऱ्या थरातली जागा

साडेचार वर्षं सरोज ऐनापुरे आणि मी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून लोकांची यकृतं वाचत होतो. वाचत होतो, हाच शब्द आम्ही वापरायचो. ती उजवी बाजू वाचायची, मी डावी. मध्ये काचेच्या पडद्यावर चित्र. मी आकडा म्हणायचे, ती आकडा म्हणायची. दारातून कोणी डोकावलं तर त्याला वाटावं, दोन बायका भर दुपारी तंबोला खेळत बसल्यात.

मी त्रिशला मगदूम. राहणार मिरज, शिक्षण बीएस्सी, तेही दुसऱ्या प्रयत्नात. शरीराचे अवयव वाढवणाऱ्या केंद्रात मला नोकरी मिळाली ती हुशारीसाठी नाही. चिकाटीसाठी आणि चांगल्या डोळ्यांसाठी मिळाली. या दोन गोष्टींचा मला फार अभिमान होता. त्यातून काय निष्पन्न झालं, ते सांगते.

कोणाच्याही शरीराला चालतील अशा पेशी सापडल्यापासून यकृतासाठी दाता शोधत हिंडायची वेळ राहिली नव्हती. त्या पेशी एका मऊ जाळीवर सोडायच्या, ऊब द्यायची, पोसायचं. नऊ महिन्यांत तळहाताहून थोडा मोठा तुकडा तयार व्हायचा आणि तो माणसाच्या पोटात शिवला की निकामी यकृताचं काम करू लागायचा. पेशी वाढवणं आता कोणालाही जमत होतं. अवघड होतं ते त्या तुकड्यात सगळीकडे रक्त पोचवणं.

तुकड्यात एक मोठी रक्तवाहिनी शिरते. तिला दोन फाटे फुटतात, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. चित्रात ते उलट्या झाडासारखं दिसायचं, म्हणून आम्ही त्याला झाडच म्हणायचो. सहा थरांपर्यंत मोजायचो, म्हणजे शेवटच्या थरात चौसष्ट जागा. वाढताना एखादा फाटा फुटतच नाही, त्याची जागा मोकळी राहते. झाडांचं असतंच तसं. आता आपल्या पोटातलं यकृत काही दोन्हीकडे सारखं नसतं, पण ते जन्मापासून हळूहळू जुळवून घेत आलेलं असतं. आमच्या नऊ महिन्यांच्या तुकड्यावर एका दिवसात मोठ्या माणसाच्या रक्ताचा सगळा जोर यायचा. तो सोसायचा तर त्याचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा आरशात बघितल्यासारखे एकमेकांचे हवेत. एकाच बाजूचा फाटा नसला तर त्याच्या वाट्याचं रक्त शेजारच्या फाट्यात घुसतं, त्याची भिंत सुजते, आत गाठ धरते आणि काही महिन्यांत तुकडा मरतो. दोन्ही बाजूंना नेमक्या त्याच जागी फाटा नसला तर मात्र तोल राहतो आणि माणूस जगतो.

तर वाचायची रीत अशी होती. एक फांदी धरून टोकापर्यंत जायचं नाही, थराथरानं खाली उतरायचं. बुंध्याजवळची गडबड सगळ्यात घातक, म्हणून ती आधी सापडली पाहिजे आणि सापडली की तिथेच थांबायचं. प्रत्येक थरात मी अगदी डाव्या टोकाला सुरुवात करायचे, सरोज अगदी उजव्या टोकाला, आणि दोघी मध्याकडे यायचो. मी फाट्याची रुंदी सांगायचे, "चाळीस." ती सांगायची, "चाळीस." जुळलं, पुढे. जिथे फाटा नाही तिथे "रिकामं" असं मोठ्यानं म्हणायचं, असा नियम लिहिलेला होता. म्हणजे ती जागासुद्धा मोजायची, ओलांडून जायचं नाही. एका माणसाच्या डाव्या हाताला अंगठा नाही आणि उजव्या हाताला करंगळी नाही. नुसती असलेली बोटं मोजली तर चार आणि चार, हात सारखेच. नसलेलं बोट कुठलं, ते सांगितलं तरच खरं कळतं.

पण मला ते "रिकामं" म्हणवेना. आमच्या घरात डब्यातले तांदूळ संपले तरी संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. घरातून निघताना जाते म्हटलं तर सासूबाई परत बसवायच्या. अशा घरातून आलेल्या बाईनं कोणाच्या तरी पोटात जायच्या जित्या वस्तूसमोर बसून दिवसातून शंभरदा रिकामं, रिकामं म्हणत राहायचं, हे माझ्या जिवावर यायचं. पहिल्याच आठवड्यात मी सरोजला म्हटलं, "आपण असं करू. फाटा नसला की टेबलावर नखानं एकदा टक्. तोंडानं काही म्हणायचं नाही."

"साहेब विचारतील की," सरोज म्हणाली.

"साहेबांना काम झाल्याशी मतलब. आणि तुला बरं वाटतं का ते म्हणायला?"

"नाही बाई," ती म्हणाली. "असू दे तसंच."

तेव्हापासून टक् आली की समोरूनही टक् आली पाहिजे, नाही आली तर तुकडा नापास. साडेचार वर्षांत आम्ही पास केलेला एकही तुकडा कोणाच्या पोटात मेला नाही.

मग यंत्र आलं. त्याच्याबरोबर निरंजन केळुसकर नावाचा अभियंता पुण्याहून आला. तिशीतला, लाघवी, जेवणाच्या सुट्टीत आमच्या डब्यातलं मागून खाणारा. त्याच्यावर राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. केंद्रानं आमचं सगळं वाचन पहिल्या दिवसापासून ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. निरंजननं ती साडेचार वर्षांची ध्वनिमुद्रणं आणि त्या त्या झाडांची चित्रं यंत्राला दिली. कोणी नियम शिकवायचे नव्हते. चित्राकडे बघून या बायका काय बोलतात, ते यंत्रानं हजारो वेळा पाहायचं आणि तसं बोलायला शिकायचं.

शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "काकू, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही असं काही करता का तुम्ही? एखादी खूण, काही?"

सरोजनं माझ्याकडे पाहिलं. मला टकटक सांगायची लाज वाटली. हा पोरगा म्हणेल, बीएस्सी झालेल्या बायका आणि अपशकुन मानतात. पुण्याला जाऊन चार जणांत हसेल. आणि टक् काय ध्वनिमुद्रणात ऐकू येतच असणार, असंही मनात आलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी.

"नाही," मी म्हटलं. "जे आहे ते सगळं त्यातच आहे."

यंत्राची परीक्षा दोनशे जुन्या झाडांवर झाली. एकशे अठ्ठ्याण्णव ठिकाणी त्याचं उत्तर आमच्या उत्तराशी जुळलं. उरलेली दोन झाडं आम्ही नापास केली होती, यंत्रानं पास केली. अहवालात त्यापुढे लिहिलं होतं, ‘मानवी दक्षतेचा अतिरेक.' हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. तोवर आम्हा दोघींना भांडारात बसवलं होतं, हातमोजे आणि बाटल्या मोजायला.

माझे यजमान भरतेश मगदूम वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं सांगलीच्या हळदीच्या बाजारात काटे तपासले. काट्यात अर्धा तोळा फरक निघाला तरी सील ठोकणारा माणूस. बाजारात त्यांना कोणी चहा पाजू शकलं नाही, घरात कोणी जास्त बोलू शकलं नाही. त्यांचं यकृत जुन्या काविळीनं गेलं. डोळे, नखं, तळवे, सगळं पिवळं. "म्हातारपणी परत हळद लागली की भाऊजींना," म्हणून जावा हसायच्या, आणि आत जाऊन डोळे पुसायच्या.

यंत्र सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांना तुकडा मिळाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू वाचलास का?"

"यंत्रानं वाचला."

"तसं नाही. तू वाचलास का?"

"अहो, यंत्र म्हणजे मीच की. माझ्याकडूनच शिकलंय."

त्यांना ते पटलं नसावं. शस्त्रक्रिया छान झाली. पंधरा दिवसांत डोळे पांढरे झाले, महिन्याभरात ते बाजारातून स्वतः भाजी आणायला लागले. मला तर आपणच त्यांना वाचवल्यासारखं वाटत होतं.

दर गुरुवारी तपासणीला जावं लागे. तिथल्या बाकावर आरगची ऋतुजा सनदी भेटली. एकोणतीस वर्षांची, गावातल्या शाळेत गणित शिकवायची. यांच्यानंतर पंधरा दिवसांनी तिला तुकडा बसवला होता. यांचं तिच्याशी चांगलं जमलं. ते तिला खोटे काटे कसे ओळखायचे ते सांगायचे आणि ती त्यांना कोडी घालायची. कोडं सुटलं नाही की हे आठवडाभर कागद काळे करायचे. "पोरगी हुशार आहे," म्हणायचे, "आमच्या खात्यात असती तर बाजार सुधारला असता." आम्हाला मूलबाळ नाही. गुरुवारी मी डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या घेऊ लागले.

यंत्र सुरू होऊन नववा महिना लागला तेव्हा एकाच आठवड्यात तीन माणसं गेली. तिघांचेही तुकडे आमच्या केंद्रातले, यंत्रानं पास केलेले. शल्यचिकित्सक डॉक्टर तांबोळी बाईंनी आम्हा दोघींना भांडारातून बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"यातलं एक झाड वाचून दाखवा मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या पद्धतीनं."

आम्ही जुन्या टेबलापाशी बसलो. पहिला थर, दुसरा, तिसरा. आकडे जुळत गेले. चौथ्या थरात मी पाचव्या जागेवर आले, तिथे फाटा नव्हता. मी नखानं टक् केलं. समोरून सरोज म्हणाली, "अठरा."

एरवी तिथेच थांबलो असतो, पण बाईंनी पुढे वाचायची खूण केली. पुढच्या जागेला मी म्हटलं, "अठरा," आणि सरोजनं टक् केलं.

डॉक्टर बाई वाकून बघत होत्या. "ही टकटक कसली?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं. डाव्या बाजूला एक फाटा नव्हता, उजव्या बाजूला त्याच्या शेजारचा नव्हता. आकडे नुसते ऐकले तर माझे अठरा आणि तिचे अठरा. जुळले.

निरंजनला फोन लावला. टकटकीचं सांगितलं. तो म्हणाला, "ती टकटक मी काढून टाकली होती, काकू. पंख्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि ती. मला वाटलं, तुम्हाला नखं आपटायची सवय आहे."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस," मी म्हटलं.

यंत्रानं नऊ महिन्यांत चव्वेचाळीस तुकडे पास केले होते. तिघे गेले, एकेचाळीस जण तो तुकडा पोटात घेऊन हिंडत होते. यांचाही त्यातच. डॉक्टर तांबोळींनी यंत्र बंद केलं आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस झाडं आम्ही हातानं वाचायची असं ठरलं. तीन दिवसांची मुदत. नवे, खात्रीचे तुकडे केंद्रात सहाच तयार होते. पुढची खेप यायला नऊ महिने. म्हणून ज्याची गडबड जितक्या वरच्या थरात, त्याचा नंबर तितका आधी. थर सारखा असेल तर ज्याला तुकडा आधी बसवला तो आधी. तिसऱ्या थरात बिघाड असलेला माणूस बसवल्यापासून सहा-आठ महिने काढतो, हे आता तीन मृत्यूंवरून दिसत होतं. चौथ्या थराचा त्याहून थोडा जास्त. पाचव्या-सहाव्या थराचा किती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"आणि यापुढे टकटक नाही," बाई म्हणाल्या. "तोंडानं म्हणायचं. लिहायचं."

चित्रांवर नावं नव्हती, क्रमांक होते. पण यांच्या तपासणीच्या कार्डावरचा क्रमांक मी सहा-सात महिने दर गुरुवारी पाहत आले होते, दोनशे सतरा. नातेवाइकाचं झाड वाचायचं नाही असा नियम होता. वाचणाऱ्या दोघीच असल्यामुळे तो कोणाला आठवला नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

पहिल्या दिवशी सरोज यायच्या आधी अर्धा तास मी जाऊन बसले आणि दोनशे सतरा उघडलं. रीत मोडून भराभर सगळे थर पाहिले. चौथ्या थरापर्यंत स्वच्छ. पाचव्या थरात, मध्याच्या जवळ, डावीकडचा एक फाटा नव्हता आणि उजवीकडे तो होता, त्याच्या शेजारचा नव्हता. म्हणजे सहात नंबर लागायचा नाही. नऊ महिने थांबायचं, आणि त्या नऊ महिन्यांत काय होईल ते सांगायला कोणी नाही. मी चित्र मिटलं. दारात सरोज उभी होती. तिनं काय पाहिलं, काय नाही, ते तिनं तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

दुपारी दोनशे सतराची पाळी आली. पहिला थर जुळला, दुसरा जुळला. तिसऱ्या थरात आठ जागा, म्हणजे चार जोड्या. पहिली जोडी जुळली, दुसरी जुळली. तिसऱ्या जोडीला माझ्या बाजूला स्वच्छ, सरळ, सव्वीस रुंदीचा फाटा होता. आंधळ्यालाही दिसला असता.

"रिकामं," मी म्हटलं.

साडेचार वर्षांत परक्याच्या झाडावर जो शब्द मी तोंडातून काढला नाही, तो माझ्या नवऱ्याच्या झाडावर काढला, आणि तोही खोटा. सरोजनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सव्वीस," ती सावकाश म्हणाली, तिच्या बाजूचा आकडा. आणि तिनं वहीत लिहिलं, ‘दोनशे सतरा, तिसरा थर, असमान.' अक्षर नेहमीसारखं आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या थरात बिघाड असलेली सहा झाडं झाली, यांचं धरून. मी मनात हिशेब करून सुस्कारा सोडला. कोणाचंही काही न घेता आपलं काम होतंय, असं मी स्वतःला पटवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोनशे एकोणीस निघालं. तिसऱ्या थरात तिसरीच जोडी, माझ्या बाजूला खरोखर जागा मोकळी. मी म्हटलं, "रिकामं." सरोज म्हणाली, "एकतीस."

तिनं लिहिलं नाही. पेन हातात धरून ती बसून राहिली.

"सात झाले, त्रिशला," ती म्हणाली. "तुकडे सहा आहेत."

"मला मोजता येतं."

"मागचं पान अजून माझ्याकडेच आहे. दुरुस्त करता येतं की."

मी तिच्याकडे बघितलं नाही. चोवीस वर्षांचा संसार, पिवळे पडलेले तळवे, यांनी पहिल्यांदा स्वतःहून आणलेली मेथीची जुडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दोनशे एकोणीसला चेहरा नव्हता. ते एक चित्र होतं.

"पुढचं काढ," मी म्हटलं.

तिनं लिहिलं आणि पुढचं काढलं. ते झाड आम्ही पूर्ण वाचलं. त्यात काहीच बिघाड नव्हता.

दुसऱ्या दिवशी नावांसकट यादी लागली. यांचा नंबर सहामध्ये होता. सातवं नाव ऋतुजा सनदी, आरग. तुकडा बसवल्याची तारीख यांच्यानंतर पंधरा दिवस. मी यादीपुढे उभी होते तेव्हा डॉक्टर तांबोळी आतच होत्या, दार उघडं होतं. दहा पावलं चालून जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. माझी नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. पण मी त्यासाठी थांबले नाही. मी यांच्यासाठी थांबले. हे वाचून कोणाला माझी कीव आली तर ती नको आहे मला.

त्या गुरुवारी बाकावर ऋतुजा यांना म्हणाली, "काका, तुमचा नंबर लागला म्हणून बरं वाटलं हो. माझं काय, आणखी नऊ महिने. शाळेचं वर्ष संपेल तोवर."

"नऊ महिने काय गं, बोलता बोलता जातील," हे म्हणाले. मी जास्तीच्या पोळ्या तिच्यापुढे ठेवल्या आणि तिनं त्या खाल्ल्या.

यांची दुसरी शस्त्रक्रिया झाली. सातव्या दिवशी घरी आले. सरोजनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जायच्या दिवशी ती भांडारात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लिहिलं ते माझ्या हातानं. तुझ्यावर ढकलत नाही. पण आता तुझ्यासमोर बसवणार नाही मला." आम्ही एका गल्लीत राहतो. तेव्हापासून ती मला वाटेत दिसली की दुकानात शिरते.

यादी लागल्यापासून ऋतुजा दोन महिने आणि नऊ दिवस जगली. शेवटचे वीस दिवस ती दवाखान्यातच होती. हे रोज जाऊन बसायचे. तिला बोलवेनासं झालं तेव्हा हेच तिला तिची जुनी कोडी वाचून दाखवायचे, उत्तरासकट. मातीला आरगला गेलो तेव्हा तिचे वडील यांच्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, "तुम्ही तरी वाचलात, साहेब. पोरीला तुमचंच कौतुक होतं." मी मागे बायकांत उभी होते. मला रडू आलं नाही. रडायचा हक्क माझा नव्हता, एवढं मला कळत होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हे तपासणीहून एकटेच परत आले. दुपारची वेळ होती. मी सोप्यात ज्वारी निवडत बसले होते. काढलेला तुकडा कापून बघायचा आणि त्याचा अहवाल रोग्याला द्यायचा, अशी केंद्राची पद्धत होती. ती मला माहीत होती. पण अहवाल कोणी वाचत नाही, फाइलला लावून टाकतात, यावर मी भिस्त ठेवली होती. तीस वर्षं दुसऱ्यांचे दाखले ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसाशी आपलं लग्न झालंय, हे मी विसरले होते.

ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. कागद दोन्ही हातांनी धरलेला होता.

"तिसऱ्या थरात आठच्या आठ फाटे होते, असं लिहिलंय," ते म्हणाले. "पाचव्यात दोन्हीकडे एकेक नव्हता, निरनिराळ्या जागी. सूज नाही, गाठ नाही. बाई म्हणाल्या, हा तुकडा आणखी वर्षभर सहज गेला असता. वाचताना गफलत झाली असणार, तुमचं नशीब चांगलं, म्हणाल्या."

मी ज्वारीतले खडे वेगळे करत राहिले.

"तू वाचलास ना हा?"

"हो."

"गफलत झाली?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांनी मानलं असतं असं नाही, पण पुन्हा विचारलं नसतं. मी सूप खाली ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग उलगडली. मग परत घातली.

"सातवी ऋतुजा होती."

"तेव्हा मला नाव ठाऊक नव्हतं."

"नंतर झालं."

"नंतर झालं."

"यादी लागल्यावरही पंधरा दिवस होते, माझं ऑपरेशन व्हायला. तू रोज माझ्या ताटाशी बसत होतीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. बाजारात एखाद्या व्यापाऱ्याचा काटा जप्त करताना ते असंच बोलायचे. "त्या पंधरा दिवसांत एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मी काय म्हणालो असतो, ते तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो," मी म्हटलं.